कपाटावरचं जग

दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी चक्क एक खटला उभा राहिला. चोरीला गेलेला माल : २३ हिरे. फिर्यादी : आमची थोरली, इयत्ता आठवी. आरोपी : वरच्या मजल्यावरचा तिचा मित्र, इयत्ता सातवी. पुरावा : ‘दुसरं कोण घेणार?’ आणि शिक्षा? ती तर सुनावणीच्या आधीच देऊन झाली होती. कायमची हद्दपारी!

घाबरू नका, हिरे काही खरे नव्हते. ते होते संगणकावरच्या खेळातले. पण भांडण मात्र शंभर नंबरी खरं. दोन दिवस ती दोघं जिन्यात समोरासमोर आली तरी भिंतीकडे बघत जात होती.

या खटल्याचा निकाल सांगतेच, पण त्याआधी चोरी झाली ती जागा तुम्हाला दाखवायला हवी. आमच्या हॉलमधल्या कपाटावर एक जुना लॅपटॉप आहे. त्याची एक बिजागरी मोडलीय, की-बोर्डवरची दोन बटणं गायब आहेत. भंगारवाल्याला द्यायचा म्हणून बाजूला काढला होता. आता त्याच्या पोटात एक अख्खं जग राहतं : डोंगर, नद्या, गुहा, मुलांनी बांधलेली सहा घरं आणि एक अर्धवट किल्ला. हा लॅपटॉप म्हणजे आमच्या घरचा खेळाचा सर्व्हर. असा सर्व्हर तुम्हीही मांडू शकता, बरं का!

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

चौघं कॅरम खेळायला बसता तेव्हा बोर्ड एकच असतो. सोंगटी कुठे आहे, राणी कुणी घेतली, हे सगळ्यांना एकदमच दिसतं. पण चौघं चार खोल्यांत, चार पडद्यांसमोर बसले तर? मग बोर्ड कुठे मांडायचा?

तो मांडायचा सर्व्हरवर. तुम्ही फोनवर एक दगड फोडता तेव्हा तुमचा फोन सर्व्हरला विचारतो, ‘या खेळाडूनं हा दगड फोडलाय, चालेल?’ सर्व्हर तपासतो. तुम्ही खरंच तिथे उभे आहात का? तुम्हाला फोडायची परवानगी आहे का? सगळं ठीक असेल तर तो स्वतःच्या नोंदीतून तो दगड काढून टाकतो आणि बाकीच्यांच्या फोनला कळवतो. म्हणजे हाच बोर्ड आणि हाच पंच! आम्ही वापरतो त्या सर्व्हरचं असं एक आवर्तन ०.०९ सेकंदाचं असतं. सेकंदाला साधारण अकरा वेळा तो सगळ्या जगावरून नजर फिरवतो.

आणखी एक गंमत. या खेळातलं जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ६२ हजार ठोकळे लांब असू शकतं, आणि तेवढंच रुंद नि उंच! एवढं सगळं एकदम पाठवलं तर फोन बिचारा गुदमरूनच जाईल. म्हणून सर्व्हर तुमच्या आसपासचाच भाग पाठवतो, १६ × १६ × १६ ठोकळ्यांचे गठ्ठे करून. करा बरं गुणाकार! एका गठ्ठ्यात ४,०९६ ठोकळे. तुम्ही चार पावलं पुढे गेलात की पुढचा गठ्ठा हजर.

सर्व्हर घरातच असण्याचा फायदा काय? प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पण सर्व्हर १२ हजार किलोमीटरवर अमेरिकेत असेल, तर निरोप जायला ०.०६ आणि उत्तर यायला ०.०६ सेकंद लागणारच. वाटेतली खोळंबाखोळंबी वेगळी. घरातल्या घरात हे अंतर काही मीटरचं. आणि एकदा खेळ उतरवून घेतला की इंटरनेट बंद पडलं तरी खेळ चालतो. वायफायची पेटी चालू असली म्हणजे झालं.

तुम्हाला वाटेल, हे सगळं आत्ताचं फॅड. छे! १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्यानं ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल यानं तो वाढवला. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळा मजकूरच. ‘तू एका अरुंद वाटेवर आहेस’ असं पडद्यावर उमटायचं आणि पुढे काय करायचं ते आपण टाइप करायचं. पण विद्यापीठाच्या एकाच मोठ्या संगणकावर एक जग होतं आणि त्यात एकाच वेळी अनेक जण वावरत होते. कपाटावरच्या आमच्या लॅपटॉपचे ते पणजोबाच म्हणायचे!

खेळ कोणता निवडायचा?

ठोकळ्यांचा खेळ म्हटला की तुमच्या तोंडी ‘माइनक्राफ्ट’ येणार, हो ना? स्वीडनच्या मार्कस पर्सन यानं तो २००९ साली लोकांसमोर आणला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. संगणकावरच्या त्याच्या ‘जावा’ आवृत्तीचा सर्व्हर कंपनी फुकट देते. मात्र खेळ प्रत्येक खेळाडूला विकत घ्यावा लागतो. तुमच्या सगळ्या मित्रांकडे तो असेल तर उत्तम.

आमच्या टोळीत तो दोघांकडेच होता. म्हणून आम्ही निवडला ‘लुआंती’. फिनलंडच्या पेर्टू आहोला यानं २०१० मध्ये तो सुरू केला, तेव्हा त्याचं नाव होतं ‘माइनटेस्ट’. २०२४ च्या ऑक्टोबरात नाव बदललं. ‘लुओंती’ म्हणजे फिनिश भाषेत निर्मिती, आणि यातले खेळ लिहिले जातात ‘लुआ’ या संगणकाच्या भाषेत. दोन्ही मिळून झालं लुआंती. तो पूर्णपणे मोफत आहे. विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड फोनवर चालतो, जुन्या यंत्रावरही फारसा कुरकुरत नाही. आणि सर्व्हर त्याच्या पोटातच असतो, वेगळा आणावा लागत नाही.

मांडामांड

मोठं माणूस शेजारी घेऊन बसा आणि एकेक पायरी चढा.

१. लुआंती त्याच्या अधिकृत जागेवरूनच उतरवून घ्या. ‘फुकट हिरे मिळतील’ असं सांगणाऱ्या भलत्या जागेवरून मुळीच नको.

२. लुआंती हे नुसतं इंजिन आहे. आतल्या ‘कंटेंट’ विभागात जाऊन एक खेळ निवडा. आम्ही घेतला ‘माइनक्लोनिया’. पाहुण्यांना हा खेळ वेगळा उतरवावा लागत नाही. लागणारी चित्रं आणि आवाज सर्व्हरच त्यांना पाठवतो.

३. नवं जग तयार करा. मग ‘होस्ट सर्व्हर’ या चौकोनावर खूण करा, आपलं खेळातलं नाव आणि पासवर्ड द्या. शेजारी ‘अनाउन्स सर्व्हर’ असा आणखी एक चौकोन दिसेल. तो कोराच ठेवायचा! तिथे खूण केली की तुमचं जग साऱ्या दुनियेला दिसणाऱ्या यादीत जातं.

४. विंडोज विचारेल, ‘या कार्यक्रमाला जाळ्यावर येऊ द्यायचं का?’ फक्त ‘प्रायव्हेट’ म्हणजे घरच्या जाळ्यासाठी हो म्हणा.

५. आता सर्व्हरचा पत्ता शोधा. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ची काळी खिडकी उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. १९२.१६८.१.७ असा काहीतरी आकडा दिसेल. तो वहीत लिहून ठेवा.

६. मित्रानं त्याच्या फोनवर लुआंती उघडायचा, ‘जॉइन गेम’मध्ये तो पत्ता आणि पोर्टचा आकडा ३०००० टाकायचा, स्वतःचं नाव नोंदवायचं आणि आत यायचं. दोघांकडची आवृत्ती सारखी असू द्या, म्हणजे रुसवेफुगवे होत नाहीत.

झालं! पहिल्यांदा पडद्यावर मित्राचा ठोकळेबाज पुतळा धावत आला ना, तेव्हा आमच्याकडे एवढा आरडाओरडा झाला की खालच्या काकू विचारायला वर आल्या.

पुढे सरावलात की लॅपटॉपवर कुणी न खेळता तो ‘फक्त सर्व्हर’ म्हणूनही चालवता येतो. आमचा तसाच कपाटावर बसलेला असतो.

सोसायटीचं गेट

हा १९२.१६८ चा पत्ता मोठा मजेशीर. तुमच्या घरी असतो तसाच तो लाखो घरांत असतो! ‘बी विंग, तिसरा मजला, फ्लॅट ७’ असं समजा. सोसायटीच्या आत असणाऱ्याला तेवढं पुरतं, पण दुसऱ्या गावच्या पोस्टमनला नाही. तुमची वायफायची पेटी म्हणजे गेटवरचा वॉचमन. बाहेरून अनोळखी कुणी आलं तर तो आत सोडत नाही. पोर्टचा आकडा म्हणजे घराचं नेमकं दार.

मग नाशकातल्या मावसभावाला कसं बोलवायचं? काही जण वॉचमनला सांगून ठेवतात, ‘३०००० नंबरचं दार विचारत कुणी आलं तर सरळ वर पाठव.’ याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पण मग मावसभावासाठी उघडलेलं दार चोरासाठीही उघडं राहतं. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, तिथे ही युक्ती चालतच नाही. त्यापेक्षा बरा उपाय म्हणजे खासगी जाळं. ‘टेलस्केल’ किंवा ‘झिरोटियर’सारख्या सेवा वापरून ठरावीक यंत्रांमध्येच एक बंद बोगदा तयार करता येतो. हे काम मात्र आई-बाबांचं. तुम्ही पहिला महिना घरातल्या नि इमारतीतल्या मित्रांबरोबरच खेळा.

खटला, पुढे चालू

आता तुमच्या लक्षात आलं असेल, आमच्या थोरलीकडे केवढी सत्ता होती! सर्व्हर तिच्या नावावर. नवीन खेळाडूला मुळात दोनच हक्क मिळतात : बोलायचा आणि ठोकळ्यांना हात लावायचा. बाकी सगळ्या चाव्या हिच्याकडे. कुणाचेही हक्क काढून घ्यावेत, कुणालाही बाहेर काढावं. बुधवारी सकाळी तिची पेटी रिकामी दिसली, आणि नाश्ता व्हायच्या आत वरच्या मजल्यावरच्या मित्राला बंदी घालून ती मोकळी झाली. आमचं वायफाय त्याच्या गॅलरीत पोचतं, म्हणजे त्यानंच घरबसल्या हिरे पळवले!

‘तू त्याला विचारलंस का?’ मी म्हटलं.

‘विचारायचं काय त्यात? सर्व्हर माझा आहे.’

मी काहीच बोलले नाही. एवढंच सांगितलं की सर्व्हर नोंदवही ठेवतो, ती एकदा वाचून बघ. लॅपटॉपवर ‘डीबग’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. कोण कधी आलं, कुठल्या पेटीतून काय काढलं, सगळं त्यात वेळेसकट लिहिलेलं असतं. ती उघडून बसली. मंगळवार, दुपारी ४ वाजून १२ मिनिटं. पेटीतून सामान काढलं, आणि नाव त्याचंच!

‘बघ!’ ती ओरडली. पण नाव शोधताना ती वर सरकत गेली आणि एकदम गप्प झाली. खेळाडू आत आला की सर्व्हर त्याच्या नावापुढे तो कुठल्या पत्त्यावरून आला हेही लिहितो. आधीच्या सगळ्या दिवशी त्या मित्राच्या नावापुढे होतं १९२.१६८.१.११. मंगळवारी मात्र होतं १९२.१६८.१.५. तिनं उठून आमच्या घरातला टॅब घेतला, त्याच्या सेटिंगमध्ये पाहिलं. १९२.१६८.१.५!

ओळखलंत ना? आमचा धाकटा, इयत्ता तिसरी! सगळ्यांचे पासवर्ड ताईनं ‘सोपं पडावं म्हणून’ १२३४ ठेवले होते. त्यानं सरळ मित्राचं नाव टाकलं नि आत शिरला. ताईच्या पेटीला हात लावायची त्याला स्वतःच्या नावानं भीती वाटत होती! कशाला हवे होते हिरे? तर त्याच्या खेळातल्या कुत्र्याच्या घराला हिऱ्यांची पायरी करायची होती. नऊ हिऱ्यांचा एक ठोकळा होतो. दोन ठोकळ्यांची पायरी तयार झाली होती, उरलेले पाच हिरे त्याच्या खिशात.

धाकट्यानं कबुली दिली, रडला, प्रकरण मिटलं. खरं अवघड काम पुढेच होतं. बंदी घालायला दोन सेकंद लागले होते, ती उठवायलाही दोनच सेकंद लागले. पण मित्र काही आत येईना. तेव्हा थोरली एक मजला चढून गेली. ती वर काय बोलली मला माहीत नाही. परत यायला तिला पाऊण तास लागला, आणि येताना तो बरोबर होता.

त्याच संध्याकाळी पोरांनी वहीचं एक पान फाडून नियम लिहिले. ते आजही कपाटाच्या दारावर चिकटवलेलं आहे :

– प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. तो फक्त स्वतःला आणि घरातल्या मोठ्यांना माहीत.
– दुसऱ्याच्या घराला, पेटीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.
– बाहेर काढायच्या आधी समोर बसून विचारायचं.
– चाव्या दोघांकडे. एकट्यानं कुणालाही काढायचं नाही.
– खरं नाव, शाळा, फोन नंबर खेळात लिहायचा नाही.

चौथा नियम आमच्या थोरलीनंच सुचवला, बरं का.

जगाची नक्कल

आमचं पहिलं जग मात्र कुणी चोरलं नाही. ते मीच पुसलं! लॅपटॉपवर जागा करायला जुने फोल्डर काढून टाकले, त्यात ‘वर्ल्ड्स’ नावाचाही होता. तीन आठवड्यांचं बांधकाम एका क्षणात गेलं. मुलं मला अजून ऐकवतात.

तेव्हापासून दर रविवारी सर्व्हर बंद करून जगाचा तो फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवतो. सर्व्हर चालू असताना नक्कल करायची नाही, अर्धवट लिहिलेली नोंद उचलली जाऊ शकते. नकलेवर तारीख घालायची, शेवटच्या तीन नकला ठेवायच्या. जुन्या लॅपटॉपची बॅटरी थोडीफार टिकत असेल तर आणखी उत्तम. अचानक लाइट गेली तरी सर्व्हर नीट बंद करायला वेळ मिळतो.

आई-बाबांसाठी चार शब्द

सर्व्हर हॉलमध्ये ठेवा, मुलांच्या खोलीत नको. तिथे तो सगळ्यांच्या नजरेत राहतो, आणि रात्री बंद करणंही सोपं जातं. विजेची काळजी वाटत असेल तर हिशोब मुलांनाच करायला सांगा. ३० वॉट खाणारा लॅपटॉप रोज तीन तास चालला तर महिन्याला २.७ युनिट, चोवीस तास चालला तर २१.६ युनिट. हा हिशोब कळल्यावर आमच्याकडे बटण बंद करायला सांगावं लागत नाही.

आपल्या देशात २०२३ साली झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालकच धरलं आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, असं त्या कायद्यात म्हटलं आहे. म्हणून दूरच्या मित्रांसाठी खासगी जाळं उभारायचं असेल तर खातं तुमच्या नावानं काढा, आणि आत येणारं प्रत्येक मूल कोणाचं आहे हे तुम्हाला ठाऊक असू द्या. त्या मुलाच्या आई-बाबांशी एकदा बोलून घ्या.

आणि भांडणं होतील. झाली की लगेच न्यायाधीश बनू नका. मुलांच्या पुढे नोंदवही ठेवा आणि थोडं थांबा.

तर दोस्तांनो, घरात एखादा जुना संगणक धूळ खात पडलाय का, बघा. पण खेळ उतरवायच्या आधी एक काम करा. ज्यांना बोलावणार त्या सगळ्यांना गोळा करा, वहीचं एक पान घ्या आणि तुमच्या जगाचे पाच नियम लिहा. पाचांवर सगळ्यांचं एकमत व्हायला आमच्याकडे दीड तास लागला होता. बघू या, तुम्हाला किती लागतो!